सहाव्या स्टेजमधली विहीर

सोळा मार्च, रविवार, सकाळी साडेअकरा. रक्कम एकवीस हजार चारशे नव्वद रुपये, पिशवीसह. हजर: मी, माझी बायको, माझा मोठा भाऊ आणि वसई स्टेशनजवळच्या दुकानातला विक्रेता. वस्तू: दोन्ही हातांत धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, नग एक, आणि त्यात घालायचा गेम, नग एक. पैसे मी आणि दादाने निम्मे निम्मे दिले. विक्रेत्याने विचारलं, मुलाचं वय काय. दादा म्हणाला, "पन्नास."

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेब तपासतो. खेळाचं सामान म्हणून मी याआधी घेतलेली शेवटची वस्तू कॅरमची पावडर होती. त्यामुळे हे यंत्र का घेतलं ते नीट सांगायला हवं, आणि त्यासाठी त्याच्या आधीच्या ऑक्टोबरपर्यंत मागे जायला हवं.

ऑक्टोबरमध्ये बाबा गेले. शेवटचे चार दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते आणि आम्ही पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसायचो. चौथ्या दिवशी संध्याकाळी आई खाली चहा प्यायला गेली होती, मी अजून कारखान्यातून निघालो नव्हतो, आणि खोलीत दादा एकटाच होता. दादाच्या सांगण्याप्रमाणे त्या वीस मिनिटांत बाबा त्याला म्हणाले की, जमिनीच्या पैशातले दोन लाख माझ्या बहिणीला द्या, तिने न मागता सही केली.

बाबांची बहीण म्हणजे आमची आत्या. तिला समुद्रकाठी कळंबला दिलेली आहे. नायगावला खाडीच्या अंगाला आमची भाताची जमीन होती. पंचवीस वर्षांपूर्वी आत्याने त्या जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. आमच्याकडे बहिणी तशी सही करतात. त्या दिवशी त्यांना माहेरची साडी मिळते, गोडाचं जेवण होतं आणि कचेरीत जायचं रिक्षाभाडं भाऊ देतो. पुढे त्या बाजूला टॉवर उठायला लागले, जमीन विकली गेली, आणि आलेल्या पैशांतली काही रक्कम बाबांनी माझ्या आणि दादाच्या नावावर मुदत ठेवीत टाकली. ती मोडायला दोघांच्या सह्या लागतात.

तेरावं झाल्यावर दादाने हे सगळं जुन्या घरात सांगितलं. जुन्या घरात आई आणि दादा राहतात. दादाने लग्न केलेलं नाही. मी बायकोबरोबर वसईला फ्लॅटमध्ये राहतो. मी विचारलं, लिहून काही आहे का. नव्हतं. आणखी कोणी ऐकलं का. नाही. नर्स? नर्स आली नव्हती. आई म्हणाली, "मला तर ते असं काही बोलले नाहीत. पण मला ते कधी काय सांगायचे?"

मी म्हटलं, अशा आधारावर दोन लाख देता येणार नाहीत. आत्याविषयी माझी काहीच तक्रार नव्हती. रक्कम बावीस रुपये असती तरी मी हेच म्हटलं असतं. कारखान्यात मी साहेबांचं बावीस रुपयांचं व्हाउचर मागे पावती नाही म्हणून परत पाठवलेलं आहे.

दादा थोडा वेळ नखं बघत बसला. मग म्हणाला, "तू विहिरीपासूनच माझं ऐकत नाहीस."

विहीर अशी. मी चौदा वर्षांचा आणि दादा सतरा वर्षांचा असताना बाबांनी आम्हाला टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला होता. त्यात घालायच्या चौकोनी डबीला सगळे कॅसेट म्हणायचे. आमच्याकडे एकच कॅसेट होती. तिच्यात छत्री घेतलेला एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे चालत जायचा. खड्डे यायचे, खेकडे यायचे, वरून नारळ पडायचे. माणसाने उड्या मारायच्या आणि छत्री उघडून हळू खाली उतरायचं. आम्ही त्याला छत्रीवाला म्हणायचो. एकूण आठ स्टेज होत्या. माणूस पुढे गेला की मागचा भाग पडद्याबाहेर जायचा आणि तिकडे परत जाता यायचं नाही.

दादा खेळायचा आणि मी लिहायचो. तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा हे मान्य होतं. मी गणिताच्या चौकटीच्या वहीत प्रत्येक स्टेजचा नकाशा काढला होता: किती खड्डे, किती खेकडे, कुठल्या विटेत नाणं. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच वहीत जायचं, पुढे बरोबरची खूण आणि तारीख. अशा नोंदी दोनशे बारा झाल्या. त्यांतली एक फक्त दादाची होती. मी दळण आणायला गेलो असताना तो सहाव्या स्टेजला पोचला होता, आणि मी परत आलो तेव्हा त्याने सांगितलं की स्टेज सुरू होते तिथेच उभं राहून, छत्री उघडी ठेवून खालचं बटण दाबलं की छत्रीवाला जमिनीत उतरतो. खाली एक विहीर आहे. विहिरीच्या कठड्यावर घागर घेऊन एक बाई बसलेली आहे. ती पाच लाइफ देते.

मी त्यानंतर चाळीस वेळा करून पाहिलं. काही झालं नाही. दादानेही केलं, त्यालाही जमलं नाही. तो म्हणाला, एकदाच झालं, पण झालं. मी त्याची नोंद वहीत घेतली आणि तिच्यापुढे लाल पेनाने फुली मारून 'अमान्य' लिहिलं.

ही फुली आमच्या घरात फार वर्षं टिकली. दादाने सांगितलं की पाचूबंदरच्या मासळी बाजारात आज सरंगे अर्ध्या भावात होते, की आई विचारायची, "विहिरीजवळ का?" दादाने सांगितलं की अमक्या बँकेत जागा निघाल्यात, की बाबा पेपर खाली न करता म्हणायचे, "विहिरीतल्या बाईनं सांगितलं असेल." माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला आठवड्याच्या आत विहीर कळली. एकदा दादासाठी सांगून आलेल्या स्थळापुढेही कोणीतरी ती सांगितली होती. ते स्थळ जमलं नाही. त्याचं कारण विहीर होती असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही.

तेराव्यानंतर पाच महिने विषय तिथेच थांबला होता. मार्चमध्ये एका संध्याकाळी बायको मोबाइलवर काही वाचत होती आणि तिने मान वर न करता सांगितलं, "अहो, तुमचा छत्रीवाला परत आलाय."

मी बघितलं. तिसऱ्या भागानंतर बंद पडलेली ती मालिका कंपनीने इतक्या वर्षांनी परत काढली होती. नवा चौथा भाग होता, हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी, आणि त्याच्याबरोबर जुने तीन भाग जसेच्या तसे दिले होते. 'जसेच्या तसे' हे शब्द मी दोनदा वाचले.

मी दादाला फोन करून ही माहिती दिली. फक्त माहिती म्हणून दिली. दादाने किंमत विचारली. मग म्हणाला, "घेऊ या. विहीर निघाली तर आत्याला दोन लाख द्यायचे. नाही निघाली तर मी परत विषय काढणार नाही."

आता मागे वळून पाहताना मला या वाक्यात उघड दोष दिसतो. बाबा हॉस्पिटलमध्ये काय म्हणाले याचा एका गेमच्या सहाव्या स्टेजशी काही संबंध नाही. पण त्या वेळी मला त्यात दोष दिसला नाही. उलट, हा माणूस पहिल्यांदाच पुराव्याची भाषा बोलतोय याचं मला समाधान वाटलं. मी ते कागदावर लिहिलं, खाली दोघांनी सह्या केल्या, आणि बायकोने साक्षीदार म्हणून केली. सही करताना ती म्हणाली, "तुमच्या दोघांपैकी शहाणा कोण ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पेन चांगलं आहे."

यंत्र घेतल्यावर आम्ही रविवारी जुन्या घरी बसायचो. दादा ओट्यावर भिंतीला टेकून खेळायचा, मी शेजारी वही घेऊन बसायचो. वही मी सांभाळून ठेवली होती. सुरुवातीला दादाचे अंगठे चालेनात. टीव्हीच्या गेमचा रिमोट ओबडधोबड होता, त्यावर जोरात दाबावं लागायचं. ह्या यंत्राची बटणं नुसत्या स्पर्शाने चालायची. पहिल्या रविवारी छत्रीवाला एक्केचाळीस वेळा मेला, त्यांतले एकोणीस वेळा पहिल्याच खड्ड्यात. आई कांदे निवडता निवडता म्हणाली, "तो एवढा मरतो तर त्याला घरी का नाही बसवत?"

दुसऱ्या रविवारी दादा चौथ्या स्टेजपर्यंत गेला. त्याला जुनं आठवायला लागलं होतं. उडी मारताना तो स्वतः उजवीकडे कलायचा, तसाच तो सतरा वर्षांचा असताना कलायचा. मला हे विसरायला झालं होतं. आत्ता तो पन्नास वर्षांचा, डोळ्यांवर जवळचा चष्मा, केस पांढरे, आणि छत्रीवाला खड्ड्यावरून जाताना खांदा उजवीकडे.

तिसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, सहावी स्टेज लागली. दादाने यंत्र मांडीवर ठेवलं, हात पायजम्याला पुसले आणि परत उचललं. आई आतून येऊन उभी राहिली. बायकोही आली होती. छत्रीवाला स्टेजच्या सुरुवातीला उभा होता. दादाने छत्री उघडली आणि खालचं बटण दाबलं.

छत्रीवाल्याने गुडघे वाकवले. आणखी काही झालं नाही.

दादाने सतरा वेळा करून पाहिलं. मी सतरा रेघा ओढल्या. एकदा एक पाऊल उजवीकडे जाऊन केलं, एकदा दोन पावलं. एकदा त्याने नुसतंच छत्रीवाल्याला उभं ठेवलं आणि आम्ही सगळे वाट बघत राहिलो, तो स्वतःहून उतरतो का ते. मग स्टेजची वेळ संपली आणि छत्रीवाला उभ्या उभ्या मेला.

आई म्हणाली, "राहू दे रे आता."

दादाने यंत्र माझ्या हातात दिलं. म्हणाला, "विहीर नाही निघाली. ठीक आहे. बोललो तसं, परत काढणार नाही."

मी निकाल लिहिला, तारीख घातली. घरी येताना बायको रिक्षात काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला हिशेब परत एकदा तपासावासा वाटतो.

दादाने शब्द पाळला. पुढचे सहा आठवडे मी दर रविवारी गेलो. आम्ही घरपट्टीचं बोललो, आईच्या गुडघ्यांचं बोललो, विहिरीच्या पंपाचं बोललो, म्हणजे घरामागच्या खऱ्या विहिरीच्या. आत्याचं नाव त्याने काढलं नाही. एकदा आत्या स्वतःच आली होती, शेवग्याच्या शेंगा घेऊन. दादाने तिला चहा करून दिला, रिक्षापर्यंत सोडलं आणि परत आल्यावर पंपाचं बोलणं पुढे सुरू केलं.

मी मात्र घरी एक काम काढलं होतं. तपासणीत एकच व्हाउचर निवडून तेवढंच बघायचं हे नियमाला धरून नाही. कोणी तसं केलं तर आम्ही त्याला हेतू विचारतो. दोनशे बारा नोंदींतली मी एकच तपासली होती, तीही दादाची. म्हणून रोज जेवणाआधी पाऊण तास मी यंत्र घेऊन बसायला लागलो आणि वहीतल्या उरलेल्या दोनशे अकरा नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या. मला नीट खेळता येत नसल्याने याला एक महिना आणि सहा दिवस लागले.

दोनशे अकरांपैकी चौदा नोंदी गेममध्ये सापडल्या नाहीत.

तिसऱ्या स्टेजमध्ये एक लाकडी पूल, त्यावर दोन खेकडे पाठीला पाठ लावून. तिथे पूल नाही, मोकळा खड्डा आहे. पाचव्या स्टेजमध्ये एक मनोरा, त्यावर घड्याळ, घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं. मनोरा नाही. सातव्या स्टेजच्या शेवटी ढगाला बांधलेली बकरी. ढग आहे. ह्या सगळ्या माझ्या नोंदी होत्या, माझ्या अक्षरातल्या, बरोबरच्या खुणेसह. आणि मला ती बकरी आठवत होती. तिचा दोर पांढरा होता. मी कोणापुढेही शपथ घेऊन सांगितलं असतं.

मी चौदाच्या चौदा परत तपासल्या. मग बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"म्हणजे दादा एकदा खोटे," ती म्हणाली, "आणि तुम्ही चौदा वेळा."

मी म्हटलं, त्याला खोटं म्हणता येणार नाही, काहीतरी कारण असणार.

"दादांच्या वेळी कारण नव्हतं वाटतं?"

दुसऱ्या दिवशी मी वसई गावात गेलो. तिथे बाजारात एक टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे आहेत. त्या काळी त्यांच्याच दुकानात कॅसेट मिळायच्या. आमची त्यांच्याकडूनच घेतलेली होती. त्यांना मी वही दाखवली आणि बकरीबद्दल विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "अहो साहेब, ती कॅसेट ओरिजिनल कुठे होती? तेव्हा सगळा कॉपीचा माल. बनवणारे त्यात काय काय टाकायचे, काय काय काढायचे. एका लॉटमध्ये आठ स्टेज, दुसऱ्यात अकरा. एकात तर हिरो पण वेगळा होता. तुमची कॅसेट आणा, लावून बघू."

मी जुन्या घरी जाऊन आईला कॅसेटबद्दल विचारलं. आईने सांगितलं की ती तिने मी नोकरीला लागलो त्या वर्षी भंगारवाल्याला दिली, बंद पडलेल्या इस्त्रीबरोबर. दोन्ही मिळून किती आले ते तिला आठवत नव्हतं.

म्हणजे स्थिती अशी होती. दुकानातून आणलेला गेम हा त्या वेळचा गेमच नव्हता. त्यात विहीर निघाली असती तरी काही सिद्ध झालं नसतं आणि निघाली नाही म्हणूनही काही सिद्ध झालं नाही. उरल्या वहीतल्या पंधरा नोंदी, ज्यांना आता पाहिलेल्या माणसाच्या शब्दापलीकडे कसलाच आधार नव्हता. त्यांतल्या चौदांपुढे बरोबरची खूण होती, आणि एकीपुढे फुली. खूण आणि फुली यांतला फरक मी त्या रात्री वही समोर ठेवून बराच वेळ शोधला. कोणी पाहिलं एवढाच होता.

रविवारी मी हे सगळं दादाला सांगितलं. क्रमाने सांगितलं: पूल, मनोरा, बकरी, दुकानदार, भंगार. आई ऐकत होती. दादा बकरीपाशी थांबला.

"बकरी होती," तो म्हणाला. "तिला वाचवलं की हजार पॉइंट मिळायचे. मला पण आठवते."

मी म्हटलं, आता ते मोजता येणार नाही, तू माझं ऐकून बोलतोयस असंही कोणी म्हणेल.

"मग विहिरीचं काय लिहिणार तू?"

"मान्य असं लिहिता येणार नाही," मी म्हटलं. "अमान्य काढून टाकतो. नोंद आहे, एवढंच ठेवतो."

"आणि बाबांचं?"

त्याने दिलेला शब्द त्याने तिथे मोडला, पण विषय मी काढला होता, म्हणून तो मोडल्यात धरला नाही. मी म्हटलं, "ते तू ऐकलंस. मी नव्हतो. बँकेत कधी जाऊ या?"

दादाने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. आई म्हणाली, "तुझ्या बाबांना हे एवढं ऐकायला लागलं असतं तर ते आधीच लिहून देऊन मोकळे झाले असते." मग ती आत जाऊन तिघांसाठी पन्हं घेऊन आली.

कळंबला आम्ही दोघं गेलो, जूनच्या पहिल्या शनिवारी. आत्याचं घर सुरूच्या झाडांमागे आहे. सुट्टीला आलेले लोक तिच्या अंगणातून समुद्राकडे जातात आणि प्यायला पाणी मागतात. आम्ही अंगणात खुर्च्यांवर बसलो. दादाने तिला बाबांचं बोलणं सांगितलं, त्याच्या परीने जसंच्या तसं, आणि मी चेक तिच्या हातात दिला. तिने तो लांब धरून वाचला.

"हे ऑक्टोबरात बोलला तो," ती म्हणाली. "आनि तुम्ही आता येताय. मधे काय करत होतात?"

मी म्हटलं, पडताळणी चालू होती.

"कशाची?"

मी सांगितलं. छत्रीवाला, सहावी स्टेज, चौदा नोंदी. आत्या सगळं ऐकेपर्यंत पापणी न हलवता माझ्याकडे बघत होती. मधे एक कुटुंब पाणी मागायला आलं तेव्हा तिने हाताने थांबवलं आणि मला पुढे बोलायची खूण केली. माझं संपल्यावर तिने विचारलं, "मग पुरावा मिळाला?"

"नाही."

"आनि तरी दिलेस."

"हो."

ती दादाकडे वळली. "तो माझ्याबद्दल आनि काय बोलला?"

दादा म्हणाला, एवढंच. की तिने न मागता सही केली. ते दोनदा म्हणाले.

दोनदा म्हणाले हे दादाने आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. मी खिशातल्या पेनाला हात लावला आणि तसाच ठेवला. आत्याने पदराने तोंड पुसलं, चेकची घडी घालून चोळीत ठेवली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दिवशीची साडी पोपटी होती. मला पोपटी कधी आवडला नाही. पन ती मी अजून ठेवलीय." मग तिने त्या कुटुंबाला आत बोलावून पाणी दिलं.

यंत्र आता दादाकडे आहे. तो नवा चौथा भाग खेळतो. त्यात मागे, डावीकडे परत जाता येतं, असं तो सांगतो. मी पाहिलेलं नाही.

दिलेली रक्कम: दोन लाख रुपये, चेकने, आत्याला. मधल्या महिन्यांत ठेव नव्या मुदतीसाठी परत गुंतली होती, ती मुदतीआधी मोडल्यामुळे तीन हजार एकशे चाळीस रुपये व्याज बुडालं. उशीर माझ्यामुळे झाला होता, म्हणून त्यातली दादाच्या वाट्याची निम्मी रक्कम मी त्याला दिली. तो घेत नव्हता. रोख दिली, पावती घेतली नाही.